नंबर नसलेली काड्यापेटी

“हे काय?” मी विचारलं.

“नमुना हाय, बाई. डाक्टरनी मागितलाय.”

“ते दिसतंय. कधीचा?”

खिडकीपलीकडची बाई पुटपुटली, “काल सांजचा.”

“मग हा नमुना नाही, लोणचं आहे. मुरवत ठेवलंस काय रात्रभर?”

मागची रांग फिदीफिदी हसली. आपलं बोलणं मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू. १९८९ सालच्या नवरात्रातली अष्टमी होती. मिरजेपासून एसटीने तासाभरावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि एक खिडकी. खिडकीतून लोक रक्त द्यायला हात आत घालायचे आणि शौचाचा नमुना काड्यापेटीत घालून आणायचे. सरकारी बाटल्या कधीच पुरायच्या नाहीत, काड्यापेटी मात्र घरोघर असते. माझं नाव गिरिजा कागवाडे, पण तोंडावर मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘तिखटबाई’. ते मला ठाऊक होतं, आणि त्याचाही मला थोडा अभिमानच होता.

“ताजं लागतं,” मी म्हटलं. “तासाभराच्या आतलं. शिळ्यात काही कळत नाही.”

“पर बाई, मला हुतच न्हाई. मी आठ रोज...”

“होत नाही? म्हणजे जेवत नाहीस काय?”

“तसं न्हवं. मी...”

“मी-बी नको. उद्या सकाळी ताजं घेऊन ये. ते आल्याशिवाय डॉक्टर तुला औषध देणार नाहीत. चल, पुढचा कोण?”

ती चाळिशीची, काटकुळी बाई होती. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची आणि छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. पाय अनवाणी. उजव्या अंगठ्यावर लोखंडी नखीचा वळ होता, त्यावरून ती पानमळ्यात पानं खुडायला जाते हे मला कळलं. आणखी काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, पण मागच्याने कोपर पुढे सारलं आणि ती बाजूला झाली. नवरा केसपेपर काढायला गेला होता. पदराने तोंड झाकून ती त्याला शोधत निघून गेली.

काड्यापेटी माझ्या हातातच राहिली होती. केळीच्या वाळल्या सोपटाने ती नीट आवळून बांधलेली होती, पानांचे गठ्ठे बांधतात तशी. मी ती उघडलीसुद्धा नाही. टेबलाखालच्या बादलीत टाकली आणि हात धुतले. त्या आठवड्यात अशी ती दुसरी पेटी होती.

दुपारी कळलं, की व्हरांड्यातच तिचा दम वाढला आणि तिला वॉर्डात भरती करून घेतलं. नाव हौसाबाई. रक्त घ्यायला मीच गेले. तेव्हा ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती आणि मीही काही विचारलं नाही. रक्तातल्या पेशी मोजल्या तर इओसिनोफिल अडतीस टक्के. ही पेशी शंभरात चार-पाच असते. ती इतकी चढली की दोनच गोष्टी मनात येतात, दमा किंवा जंत.

आमचे डॉक्टर बिडकर तेव्हा तिशीचे होते, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. माणूस हुशार, पण घाबरट, असं माझं मत होतं. संध्याकाळी ते स्वतः प्रयोगशाळेत आले.

“बाई, या हौसाबाईला स्टेरॉइड द्यावं लागेल. बाकीच्या इंजेक्शनांनी भागत नाहीये. पण त्याआधी मला तिचा शौचाचा रिपोर्ट पाहिजे.”

“दम्याला शौचाचा रिपोर्ट?”

“पानमळ्यातली आहे ती. मळ्यात अनवाणी जातात.”

ते खरंच होतं. नागवेलीच्या मळ्यात पायताण घालून कुणी पाऊल ठेवत नाही, वेल देवाची मानतात. बारमाही ओल, दाट सावली, खत घातलेली माती आणि उघडे पाय. जंतांना आणखी काय हवं? सुईच्या टोकासारखी त्यांची पिलं तळव्याच्या कातडीतून आत शिरतात. त्या गावांतून येणाऱ्या दहा नमुन्यांपैकी सहांत मला अंकुशकृमीची अंडी सापडायची.

“अंकुशकृमीचं मला भय नाही,” बिडकर म्हणाले. “दुसरा एक असतो, स्ट्राँगिलॉइडिस. तो आतल्या आत वाढतो. त्यानेही छातीत अशाच शिट्ट्या वाजतात. तो पोटात असताना स्टेरॉइड दिलं की शरीराचा पहारा उठतो, आणि पिलं आतड्यातून फुप्फुसात, रक्तात, मेंदूत, वाट फुटेल तिकडे जातात. कॉलेजात असताना असा एक माणूस मी बघितलाय. चार दिवसांत गेला. दमा समजून आम्हीच दिलं होतं.”

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग माझ्या लक्षात आलं, की याला घाबरटपणा म्हणत नाहीत.

“उद्या सकाळी देते रिपोर्ट,” मी म्हटलं.

नवमीला सकाळी साडेनऊला वॉर्डातून सरकारी बाटलीत नमुना आला. वर हौसाबाईचं नाव, नंबर दोनशे चौदा. नमुना ताजा, भरपूर, मनासारखा. मी तीन काचा केल्या. सगळ्या कोपऱ्यांपासून कोपऱ्यांपर्यंत बघितल्या. अंडं नाही, पिलू नाही, काही नाही. नुसता अन्नाचा चोथा, मिरचीची सालं आणि मांसाचे धागे. हे धागे आडव्या रेघांचे असतात, एकदा ओळखले की विसरत नाहीत. मी लिंगायताच्या घरातली, जन्मात मटण तोंडात घातलं नाही. पण कुणी खाल्लंय ते मला काचेवर कळतं. आमच्याकडे ते लिहायची पद्धत नव्हती. मी लिहिलं, ‘अंडी, कृमी आढळले नाहीत’ आणि सही केली.

मन मात्र खात होतं. पानमळ्यातली बाई, इओसिनोफिल अडतीस, आणि पोट असं स्वच्छ? बिडकर रिपोर्ट न्यायला आले तेव्हा त्यांनीही तेच विचारलं.

“नक्की ना, बाई?”

“तीन काचा बघितल्यात, सर.”

“मग ठीक. एक वाजता देतो. तोवर हे चालू सलाईन संपेल.”

नवमी म्हणजे आमच्याकडे खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्याराची पूजा. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमट्यांची पूजा, जीपची पूजा आणि माझ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाची. सगळी खोली मी धुऊन काढली, बादल्या रिकाम्या करायला लावल्या. सूक्ष्मदर्शक पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती लावली. पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही माझ्या वडिलांची शिकवण. ते चांभारकामाच्या आऱ्या विकायचे, त्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवायचे. मीही एवढ्या वर्षांत ते कधी मोडलं नव्हतं. तातडीचं काम सकाळीच उरकून ठेवायचे.

सव्वाबाराला ताटलीत चिरमुरे-बत्तासे घेऊन मी वॉर्डात प्रसाद वाटायला गेले. वॉर्डात मी एरवी फारशी जात नसे, पण वर्षातून एक दिवस लोकांनी माझ्याकडे बघून हसावं, असं मलाही वाटायचं.

हौसाबाई भिंतीकडच्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं. नाकात ऑक्सिजनची नळी, ओठांवर निळसर छटा. तिचा नवरा आप्पासो पायाशी उभा होता. मी मूठभर चिरमुरे तिच्या पुढे केले. तिने दोन्ही हात जोडले आणि मान हलवली.

“घे, देवाचा प्रसाद आहे.”

“उपास... हाय... बाई.”

“आज? नवमीचा?”

उत्तर आप्पासोने दिलं. “घट बसल्यापास्नं हाय, बाई. नऊ रोज. शेंगा, रताळं आन शाबू. मीठ बी घेत न्हाई ती. डाक्टर वरडल्यात, सिस्टर वरडल्यात, ऐकंल तर शप्पत.”

माझ्या हातातली ताटली कलंडली. चिरमुरे तिच्या पांघरुणावर सांडले.

नऊ दिवस शेंगा आणि रताळी खाणाऱ्या बाईच्या पोटात मांसाचे धागे कुठून आले?

मी वाकून हळू विचारलं, “हौसाबाई, सकाळी बाटलीत दिलंस ते तुझं होतं?”

तिने डोळे मिटले. श्वास घ्यायची धडपड चालू होती, पण हे डोळे मिटणं वेगळं होतं.

“खरं सांग. मी रागावणार नाही.”

“मला हुतच न्हाई, बाई... सप्तमीच्या... सांजेपास्नं. तुमी म्हनला... आनल्याबिगर... आवशिद न्हाई.”

“मग कुणाचं?”

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, “मेरा था.” पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेली रशिदाबी. तिचा लेक हाड जुळावं म्हणून रोज डब्यातून मटण नाहीतर पायाचं सूप आणायचा. “बिचारी रडत हुती. म्हनली, माझ्या नावावर तुझं दे. मी दिलं. त्यात माझं काय कमी झालं, बाई?”

मी घड्याळ बघितलं. बारा पंचवीस. वॉर्डाच्या टोकाला टेबलावर सिस्टर लोखंडे ट्रे लावत होती. ट्रेमध्ये इंजेक्शनची कुपी ठेवलेली मला एवढ्या लांबून दिसली.

“सिस्टर, ते देऊ नका.”

“का? रिपोर्ट तुमचाच लावलाय की.”

“नका देऊ. मी डॉक्टरांना आणते.”

“आणा बाई, पण लेखी आणा. एकची वेळ लिहिलीय. तोंडी ऑर्डरवर मी थांबले आणि ती गेली, तर माझी नोकरी जाईल.”

बिडकर जीपच्या पूजेला उभे होते, हातात नारळ. मी त्यांना बाजूला ओढलं. ‘माझा रिपोर्ट चुकीचा आहे’ हे वाक्य मी नोकरीत तोवर कधी उच्चारलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडेना. शेवटी मी म्हटलं, “सर, तो नमुना तिचा नव्हता. शेजारणीचा होता.”

त्यांचा चेहरा उतरला. “मग तिचा आणा.”

“तिला दोन दिवस होत नाहीये. उपासाचं पोट.”

“एनिमा द्यायच्या अवस्थेत ती नाही. खाटेवर आडवी केली तर जीव जाईल.” त्यांनी नारळ जीपच्या बॉनेटवर ठेवला. “बाई, नीट ऐका. दमा असेल आणि मी औषध थांबवलं, तर संध्याकाळपर्यंत ती श्वास घेऊन घेऊन थकेल. मग आपल्याकडे काहीच उरणार नाही. मिरजेला पाठवायची तर अ‍ॅम्ब्युलन्स बंद पडलीय, जीपमध्ये ती तिथपर्यंत टिकेल असं मला वाटत नाही. आणि दमा नसेल, तो किडा असेल, तर औषध द्यायचं म्हणजे आपल्या हाताने मारायचं. मी काय करू?”

“मला वेळ द्या.”

“एक वाजेपर्यंत. त्यानंतर मी देणार. काहीतरी तर करावंच लागेल.”

जेमतेम अर्धा तास होता. प्रयोगशाळेकडे जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, केळीच्या सोपटाने बांधलेली ती काड्यापेटी. तिचा, स्वतःचा, खरा नमुना. आणि बादली तर सकाळी रिकामी झालेली.

दवाखान्यामागे कचऱ्याचा खड्डा होता. सफाई करणारी चंद्राक्का तिथे उकिडवी बसून होती आणि खड्ड्याच्या एका बाजूने धूर निघत होता.

“अक्का, विझव! पाणी टाकू नको, माती टाक! माझ्या खोलीतलं कुठं टाकलंस?”

“हे काय, हिकडं. अजून पेटलं न्हाई तितपातूर. काय हरवलं, बाई? सोनं का काय?”

मी पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले. चंद्राक्का तोंडावर हात ठेवून बघत राहिली. काठीने मी कचरा ओढून काढला. कापसाचे बोळे, पट्ट्या, फुटक्या काचा. मग काड्यापेट्या. एक, दोन, पाच, नऊ. प्रत्येकीवर माझ्या हातची नंबरची चिठ्ठी. दहावी नंबर नसलेली, पण दोऱ्याने बांधलेली. ती त्याच आठवड्यात आधी मी फेकलेली, दुसऱ्याच कुणाची. धूर नाकातोंडात जात होता. आणखी खाली, जळक्या कागदाखाली, एक कोपरा काळा पडलेली अकरावी पेटी सापडली. सोपट अजून गाठीसकट होतं.

“फेकलेलं कुणी परत उचलतंय व्हय, बाई?” चंद्राक्का म्हणाली.

खोलीत येऊन पेटी उघडली. आत केळीच्या हिरव्या पानाचा तुकडा, चार घड्या घालून गुंडाळलेला. नमुना वाळू नये म्हणून त्या बाईने तो पानात गुंडाळून आणला होता. आत अजून ओल होती. इतक्या काळजीने आणलेला नमुना मी उघडून बघायचीही तसदी घेतली नव्हती.

समोर सूक्ष्मदर्शक झेंडूची माळ घालून बसला होता. दारात कंपाउंडर शेडबाळे उभे होते. “बाई, पूजा झालीय ना?”

“झालीय.”

“मग उद्या...”

“देव मला काय करायचं ते करू दे,” मी म्हटलं आणि माळ काढून बाजूला ठेवली. भिंगावर कुंकवाचा कण होता, तो पुसला. पहिल्या काचेवर थेंब जास्त पडला, ती फुकट गेली. बारा बेचाळीस.

दुसरी काच. चोथा, शेंगदाण्याचे तुकडे, शाबूच्या पिठाचे गोळे. हा तिचाच नमुना, यात शंका नव्हती. डावीकडून उजवीकडे, मग खाली, मग उजवीकडून डावीकडे. अंकुशकृमीची अंडी दिसली, दोन, तीन. आणि मग चोथा आपोआप हलला. त्याच्याखालून एक पिलू वळवळत बाहेर आलं.

एखाद्याला वाटेल, सापडलं, संपलं. पण खरी पंचाईत तिथूनच पुढे होती. नमुना दोन दिवसांचा होता. शिळ्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी आपणहून फुटतात आणि त्यातूनही अशीच पिलं निघतात. म्हणून तर मी शिळं परत पाठवायचे. दोन्ही पिलं सख्ख्या भावांसारखी, फरक फक्त तोंडाशी. अंकुशकृमीच्या पिलाची तोंडाची नळी लांब, आणि त्या दुसऱ्याची आखूड, जवळजवळ नाहीच. ते बघायचं तर पिलाने स्थिर राहायला हवं, आणि हे सारखं मुडपत होतं.

मी काचेच्या कडेला आयोडीनचा थेंब सोडला आणि वाट बघितली. पिवळा रंग हळूहळू आत सरकला. पिलू एकदा जोरात आखडलं आणि सरळ पडलं. मोठं भिंग लावलं. डोळ्यात पाणी आलं ते धुराचं होतं की कशाचं, कोण जाणे. पुसून परत बघितलं.

आखूड.

दुसरं पिलू शोधलं. तेही आखूड. तिसरं लांब होतं, अंकुशकृमीचं. चौथं परत आखूड.

“शेडबाळे, पळा! डॉक्टरांना म्हणावं, सापडलं!”

बिडकर धावतच आले. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग वॉर्डाकडे तोंड करून ओरडले, “सिस्टर, स्टेरॉइड नाही! कुपी परत ठेवा!” भिंतीवरच्या घड्याळात एकला सहा कमी होते.

आमच्या स्टोअरला नसलेल्या गोळ्या आणायला शेडबाळे त्यांच्याच स्कूटरवर मिरजेला गेले. तोवर सलाईन आणि ऑक्सिजन यांवर तिला कसंबसं धरून ठेवलं. त्या दुपारी ती जगेल असं मला दोनदा वाटलं आणि तीनदा नाही. गोळ्या सुरू झाल्या, आणि चौथ्या दिवशी ती आडवी होऊन झोपली.

पण मी सांगायला बसले ते हे नाही. त्या दिवशी, काचेवरून मान वर करताच बिडकरांनी मला विचारलं होतं, “बाई, ही पेटी कालची. मग काल तपासली कशी गेली नाही?”

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं. मी न उघडता फेकली. तिला चारचौघांत हसले, औषध मिळणार नाही अशी धमकी दिली, म्हणून तिने शेजारणीकडे हात पसरला. एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या मागे शेडबाळे उभे होते, त्यांच्या मागे सिस्टर लोखंडे, आणि दारात आणखी दोघं-तिघं.

“पेटीवर नंबर नव्हता, सर,” मी म्हटलं. “खिडकीत ठेवून तशीच निघून गेली असेल. आज मला संशय आला म्हणून शोधली.”

ते खोटंही नीट नव्हतं. पण चालून गेलं.

“कमाल आहे तुमची,” बिडकर म्हणाले. “मांसाच्या धाग्यावरून ओळखलंत. आज तुम्ही एक माणूस वाचवलात, बाई.”

दसऱ्याला सोनं द्यायला सगळा स्टाफ माझ्या खोलीत आला. जिल्ह्याच्या डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेली, त्यांचं कौतुकाचं पत्र आलं. आणि इकडे वॉर्डात जो तो हौसाबाईला झापत होता. बिडकरांनी राउंडला सगळ्यांसमोर सांगितलं, “दुसऱ्याचा नमुना देणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. हिचं उदाहरण लक्षात ठेवा.” आप्पासो तर पेटलाच. “सरकारला फशिवतीस व्हय? नंबर घेतल्याबिगर नमुना टाकून येतीस, आन मग लोकाचं घिऊन दितीस? या बाई नसत्या तर माती झाली आसती तुजी. पाया पड त्यांच्या!”

मी तिथेच होते. ती खाटेवरून खाली उतरली आणि खरोखरच माझ्या पाया पडली. वर उठताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं. नजरेत राग नव्हता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आता ही बोलेल, आता बोलेल. ती पदर सावरून खाटेवर जाऊन बसली. आप्पासो अजून बडबडतच होता.

दहाव्या दिवशी तिला सोडलं. त्या सकाळी मी मुद्दाम वॉर्डात गेले. आप्पासो गाडी बघायला बाहेर गेला होता, रशिदाबी झोपली होती. हौसाबाई आपलं गाठोडं बांधत होती.

“बरं वाटतंय?” मी विचारलं.

“लई हलकं वाटतंय, बाई. छातीवरचा धोंडा उतारला.”

“आता मळ्यात पायात काहीतरी घालत जा. नाहीतर परत होईल.”

ती हसली. “मळ्यात पायताण? येलीच्या पायथ्याला? मालक दारातनंच हाकलील, आन मला बी जमायचं न्हाई.”

“मग गोळ्या तरी घे वेळेवर. दर सहा महिन्यांनी येऊन दाखव.”

“यीन की.”

आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी उभी राहिले. माझी मलाच लाज वाटत होती. तिचे पाय धरावेत असं मनात आलं. वॉर्डात बघणारे चार लोक होते, म्हणून मी धरले नाहीत.

“हौसाबाई,” मी हळू आवाजात म्हटलं, “तू तर नमुना माझ्या हातात दिला होतास. नंबर नसल्याचं मी खोटं सांगितलं. एवढी बोलणी खाल्लीस, नवऱ्याची, डॉक्टरांची. खरं का नाही सांगितलंस?”

तिने गाठोड्याची गाठ दातांनी आवळली. मग माझ्याकडे बघून, एखाद्या लहान पोरीची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, “सांगून काय हुतंय, बाई? मी आता घरला चाललो. तुमास्नी हितंच ऱ्हायाचंय.”

मी पुढे तिथे बावीस वर्षं राहिले.